गांगुर्डे सरांची भिंत आणि माझं गप्प बसणं

हे मी बरीच वर्षं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. विषय निघाला की मी उठून आत जायचो. सर गेल्यावर लिहायला बसलोय, यात मोठेपणा काही नाही. महिन्यापूर्वी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, ‘‘अण्णा, बाबा गेले.’’ तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर आता हे माहीत असलेला एक माणूस कमी झाला. दुःख त्यानंतर आलं. त्या पहिल्या विचाराची मला अजून भीती वाटते.

अशोक गांगुर्डे सर शाळेत चित्रकला शिकवायचे. नाशिकरोडला आमच्या कॉलनीत समोरासमोर घरं. मी तेव्हा मंडळाचा अध्यक्ष होतो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला गोदामाची लांबलचक भिंत होती, तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी रंगलेली. सर एकदा म्हणाले, ‘‘अण्णा, या भागासाठी झिजलेली माणसं इथं काढू या. पोरंच काढतील.’’ सरांचा नियम एकच. ज्याचा चेहरा काढायचा, त्याच्या घरी आधी जाऊन बसायचं, चहा प्यायचा, माणूस कसा होता ते विचारायचं, मग फोटो मागायचा. फोटोवर चौकोन आखून तेच भिंतीवर मोठे करायचे. मोबाइलमधून डोकं न काढणारी पोरं हिराबाईंच्या लेकीसमोर मांडी घालून बसलेली मी पाहिली. हिराबाईंनी नळासाठी हंडे घेऊन मोर्चा नेला होता. पुढे सोनवणे मास्तर, रक्तदान शिबिरं भरवणारे शब्बीरभाई... भिंत गेलेल्यांची होती, म्हणून प्रत्येक चेहऱ्याखाली झेंडूचा हार काढलेला. येणारेजाणारे चप्पल काढून नमस्कार करायचे.

आमच्या भागात एक दादा होते, अजूनही आहेत. नाव लिहीत नाही. या वयातही धीर होत नाही. सर बहिणीकडच्या लग्नाला विंचूरला गेले होते, तेव्हा दादांचा भाऊ माझ्या दारात आला. बूट न काढता सोफ्यावर बसला. ‘‘भिंत लय भारी झाली, अण्णा. सगळे हायेत. आमचे दादाच दिसले नाय.’’ मी म्हणालो, येतील की. तो हसला. ‘‘बघा बरं. दादांना वाईट वाटलं नाय पायजे.’’ एवढंच बोलला, आणि जाताना माझ्या नातवाच्या गालाला हात लावून गेला.

मी सरांची वाट पाहिली नाही. रेश्मा नावाची अकरावीतली मुलगी सगळ्यांत चांगले चेहरे काढायची. तिला दादांचा फोटो दिला. ती म्हणाली, ‘‘काका, सरांना विचारलं का?’’ मी हो म्हणालो. चेहरा झाल्यावर तिने विचारलं, ‘‘हार पण काढू?’’ सगळ्यांना हार आणि दादांना नाही, हे त्यांना खटकेल, एवढंच माझ्या घाबरलेल्या डोक्यात आलं. म्हणालो, ‘‘काढ. चांगला भरगच्च काढ.’’

सर परतले आणि भिंतीसमोर उभेच राहिले. ‘‘अण्णा, जिवंत माणूस आहे तो.’’ ते तेव्हाच रंग कालवायला निघाले होते. मीच हात धरला. दोन दिवस राहू द्या म्हणालो, लगेच पुसलं तर कळेल त्यांना. दुसऱ्याच दिवशी दादांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात नेलं.

संध्याकाळी पोरं ब्रश धूत होती. चार-पाच मोटारसायकली आल्या. भाऊ उतरला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘जित्या माणसाला हार कोणी घातला?’’ त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘‘भिंतीचं सगळं सर बघतात.’’ वाक्य खरं होतं. रेश्मा माझ्याकडे बघत राहिली. ती काही बोलणार, एवढ्यात सर तिच्या पुढे येऊन उभे राहिले. ‘‘चूक माझी आहे. आत्ता पुसतो.’’

‘‘पुसतो? दादा तिकडं मशीनवर, आन् तू इकडं त्यांचं तोंड पुसतो? हात लावायचा नाय. दादा घरी येऊ दे. आन् नाय आले, तर...’’

त्यानंतरचे दिवस मला आठवायचे नसतात. सरांच्या फाटकासमोर दोघं-तिघं मोटारसायकलवर बसलेले असायचे. काही करायचे नाहीत. सर दूध आणायला निघाले की म्हणायचे, ‘‘सर, जपून.’’ मी पडद्याच्या फटीतून बघायचो. ओळखीच्या वॉर्डबॉयला फोन करून दादांची तब्येत विचारायचो. देवाजवळ दादांसाठी जितकं मागितलं, तितकं स्वतःच्या आईसाठी मागितलं नव्हतं. दादा गेले असते, तर मी फाटक उघडून त्या मोटारसायकलवाल्यांना खरं सांगितलं असतं का? याचं उत्तर मला माहीत आहे.

दादा बरे होऊन आले. त्यांच्या माणसांनी अख्ख्या भिंतीला चुना मारला. हिराबाई, मास्तर, शब्बीरभाई, सगळे त्याखाली गेले. कॉलनीत बोललं गेलं, सर दादांची हांजी हांजी करायला गेले आणि पोरांची मेहनत मातीत घातली. हिराबाईंची लेक सरांशी बोलेनाशी झाली. सर तिच्या घरी जाऊन आले. काय बोलले कोण जाणे, माझं नाव मात्र घेतलं नाही. रेश्मालाही त्यांनीच गप्प केलं, हे तिने मला सरांच्या अंत्ययात्रेत सांगितलं. तेवढंच बोलली आणि बायकांच्यात जाऊन उभी राहिली. पुन्हा कुणी पोरगं चित्रं काढायला सरांकडे आलं नाही. तर कॉलनीतल्या लोकांनी हे वाचावं : चेहरा मी काढायला लावला, हार मी सांगितला, आणि पुसू मी दिला नाही.

शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेलो होतो, ठरवून. खोलीत आम्ही दोघंच. ते खूप वाळले होते. बाहेर एक मोटारसायकल थांबली, आणि दोघंही एकदमच खिडकीकडे पाहायला लागलो. कुरिअरवाला होता. सर हसले. मला हसू आलं नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, ‘‘सर, मला...’’

त्यांनी उशीवरून मान वळवली. ‘‘बोला, अण्णा. मी ऐकतोय.’’

ते वाट बघत होते, आणि कशाची ते त्यांना ठाऊक होतं, असं मला आजही वाटतं.

‘‘...मला निघायला हवं,’’ मी म्हणालो.