ठमाबाईच्या मापाचा डवरा

ठमाबाईच्या वाट्याला आयुष्यात जे आलं ते दुसऱ्याच्या मापाचं. लग्नातलं झंपर जावेचं, वहाणा नवऱ्याच्या, खुरपं सासूचं. त्याबद्दल तिनं कुरकुर केली नाही. तेवढी सवड कुठे होती? नागभीडच्या पलीकडे धानाच्या बांध्या संपून खडकाळ बरड लागते, तिथं तिचं दोन एकर वावर. नवरा गेल्यावर बावीस वर्षं तिनं त्यात एकटीनं तूर पिकवली आणि सगळं निंदण उकिडवं बसून उरकलं.

मग उजव्या गुडघ्यानं दगा दिला. बसलं की उठता येईना. पुतण्या देवराव म्हणाला, "काकू, बस झालं आता. वावर बटईनं देऊन टाका." तो काही वाईट बोलला नव्हता, पण ठमाबाईला दोन दिवस घास गोड लागला नाही. वावर अर्ध्या वाट्यानं दुसऱ्याला दिल्यावर सकाळी उठून जायचं तरी कुठं?

सरकारी योजनेत मिळालेला, तण काढायचा हातडवरा घरात पडून होता. पुढं एक चाक, मागं पातं, दोन मुठी धरून उभ्यानं ढकलायचा. तिनं तो वावरात नेला, तर मुठी छातीशी आल्या. बनवणाऱ्यानं कोणता धिप्पाड गडी डोळ्यांपुढे धरला होता कोण जाणे. त्यात तो सारखा उजवीकडे ओढायचा. पहिल्याच ओळीत तुरीची आठ रोपं कापली गेली आणि ती बांधावर बसून रडली.

शेवटी तिनं तो दसरूकडे नेला. दसरू शेजारच्या टोल्यावरचा, पाच-सात घरांच्या वस्तीतला. सायकली दुरुस्त करतो, वेल्डिंग करतो, आणि बोलण्याच्या बाबतीत भलता कंजूष.

"मुठी कापून देजो, भाऊ," ती म्हणाली.

"आधी चालून दाखवा, बाई."

"बिघाड डवऱ्यात हाय, माह्यात नाई."

"चाला तं."

ती समोरच्या चिंचेपर्यंत जाऊन आली, लंगडत, उजवीकडे झुकत. दसरूनं तिच्या दोन्ही कोपरांची जमिनीपासूनची उंची सुतळीनं मोजली आणि दोन गाठी मारल्या. तिसऱ्या दिवशी डवरा तयार झाला. दोन्ही मुठी खाली आल्या होत्या, आणि उजवी डावीपेक्षा आणखी चार बोटं खाली.

गावात हसू झालं. "अख्खा वाकडाच करून ठेवला त्यानं," देवराव म्हणाला. पण ठमाबाई ओळीला लागली तेव्हा चाक नाकासमोर चाललं. आठवडाभरात सगळं वावर डवरून झालं. बटईचा विषय मागं पडला तो पडलाच.

देवरावनं एकदा डवरा मागून नेला आणि दुपारच्या आत परत आणला. "माह्या हातानं नाई चालत, काकू. हा तुमचाच हाय." ठमाबाईनं तो पदरानं पुसून ठेवला.

तुरीच्या पहिल्या ओल्या शेंगा उकडून ती दसरूकडे घेऊन गेली. "साठ सालांत माह्यं माप कोणी घेतलं नव्हतं, भाऊ. तू घेतलं," ती म्हणाली.

दसरूनं एक शेंग सोलली. "गुडघा कसा हाय?"

"थोडा आणखी वाकला."

"मंग चालून दाखवा," तो म्हणाला आणि सुतळी शोधू लागला.