बाईंनी न पाहिलेलं तळं

मी आज जो काही आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंमुळे. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दहावीनंतर मी तिथेच बसायचं हे घरात ठरलेलं होतं. बाई एका दुपारी सायकल घेऊन दुकानात आल्या, चाकं टणक असताना उगाच हवा भरून घेतली आणि वडिलांना म्हणाल्या, "याला पुढे शिकू द्या. नाहीच जमलं तर दुकान आहेच." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या दुपारमुळे.

शिकवताना त्यांची एक पद्धत होती. काहीही सांगितलं की ते पाहिलेलं आहे की नुसतं वाचलेलं, हे त्या सांगायच्या. गोदावरीचा उगम पाहिलेला. वाळवंट वाचलेलं. ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं सरोवर त्या रंगीत खडूंनी फार छान काढायच्या आणि हात झटकत म्हणायच्या, "हे वाचलेलं."

मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला नोकरी करत असताना त्यांचं पत्र आलं. या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. दिवाळीनंतर ज्वालामुखीचा धडा येईल, असं लिहिलं होतं. तुझ्या त्या देशात असं सरोवर असलं तर पाहून ये आणि मला लिही, एकदा तरी वर्गात 'पाहिलेलं' म्हणून वाचून दाखवीन.

डॉटकॉमचा फुगा फुटल्यानंतरचे दिवस होते. ऑफिसात माझ्या रांगेतली बरीच टेबलं रिकामी झाली होती आणि गेलेल्यांचं काम उरलेल्यांच्या अंगावर आलं होतं. व्हिसा कंपनीच्या हातात, म्हणून कुणी नाही म्हणत नव्हतं. सप्टेंबरच्या लाँग वीकेंडला जोडून रजा मिळाली, ती मी एरवी झोपून काढली असती. पण ऑरेगनमध्ये एका विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर तळं आहे असं कळलं होतं. माझे दोन फ्लॅटमेट बरोबर यायला तयार झाले. एक पुण्याचा, सह्याद्रीत पुष्कळ भटकलेला. दुसरा नागपूरचा, जो स्वतःहून फक्त लाँड्रीपर्यंत चालत जायचा.

दिवसभर ड्राइव्ह करून पायथ्याला पोचलो. सॅक भरताना नागपूरकराने प्रेशर कुकर बाहेर काढला.

"हे काय? पंगत घालायचीय का?" पुणेकर म्हणाला.

"मग वरण कशात शिजवशील बे?"

"पातेल्यात. पाणी उकळलं की डाळ शिजते. खाली कुकर आहे का पातेलं, तिला काय कळतंय."

कुकर गाडीच्या डिकीत राहिला. तांदूळ आणि तुरीची डाळ आमच्या पाठीवर चढली.

पहिला दिवस पाइनच्या जंगलातून गेला आणि रात्री घरून आणलेले पराठे खाल्ले. दुसऱ्या दिवशी लाव्हाचे काळे दगड लागले. बुटांत राख जात होती. पट्ट्यांखाली खांदे सोलवटले होते. चालताना मला ऑफिसातले न सुटलेले बग आठवत राहिले.

झाडं संपतात तिथे तंबू ठोकला आणि गॅसच्या छोट्या स्टोव्हवर डाळ चढवली. पाणी खळखळून उकळत होतं. डाळ मात्र चमच्यावर खड्यासारखी वाजत होती. अजून थोडं पाणी, अजून थोडा वेळ, तरी तेच.

मी म्हणालो, "शास्त्रीय कारणे द्या. उंच ठिकाणी अन्न शिजण्यास वेळ लागतो."

"सांग," पुणेकर म्हणाला.

"हवेचा दाब कमी, म्हणून पाण्याचा उत्कलनांक कमी."

"दोन मार्क घे अन् गप बस," नागपूरकर म्हणाला.

तिघे इंजिनीअर, आणि तिघांनीही हे उत्तर कधीतरी परीक्षेत लिहिलेलं. मग गॅसचा डबा संपला आणि स्टोव्ह फुसफुसून विझला. दुसरा डबा आणलेला नव्हता. पुणेकराने ती कच्ची डाळ हट्टाने खाल्ली आणि सकाळी तो पोट धरून तंबूत पडून होता.

"खाली जाऊ," तो म्हणाला. "गरम प्यायला काही नाही. तळं काय, पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बाई वर्गात नसणार होत्या. त्यांच्या पत्राचं मी दोघांना तोवर सांगितलंच नव्हतं, ते तेव्हा सांगितलं.

"नेटवर फोटो आहेत रे त्या तळ्याचे," पुणेकर म्हणाला. "ते बघून लिही. बाईंना काय कळणार?"

"नाही कळणार," मी म्हणालो आणि बाटलीत पाणी भरायला लागलो.

नागपूरकर बुटाच्या नाड्या बांधायला लागला होता. "एखादी पोरगी असती तर समजलो असतो यार. शाळेतल्या बाईंसाठी! चल."

शेजारच्या तंबूतल्या वयस्क अमेरिकन जोडप्याने पुणेकराकडे लक्ष ठेवायचं कबूल केलं. आम्ही थंड पाण्यात भिजवलेले पोहे खाऊन निघालो. वरचा उतार लाल खडीचा होता. पाऊल टाकलं की अर्धं खाली घसरायचं. नागपूरकर सारखा बसत होता.

"तुझ्या बाई पेपर कडक तपासायच्या का बे?"

"हो."

"दिसतंय."

माथ्यावर पोचल्यावर मला काहीतरी मोठं वाटेल अशी माझी समजूत होती. वाटलं फक्त, की बसावं. नागपूरकर सॅकवर डोकं टेकून झोपला. थोड्या वेळाने मी उठलो, काठाने जमेल तेवढा फिरलो आणि पाण्यात हात घालून आलो. परतीच्या वाटेवर पुणेकर स्वतःच्या पायांनी चालला, एवढं आमचं नशीब. सनीव्हेलला आल्यावर ऑफिसला जायच्या आधी मी हे पत्र टाकलं.

ती. बाईंना नमस्कार.

सरोवर पाहिलं. लहान आहे, आपल्या शाळेच्या मैदानात मावेल. ज्वालामुखीचं तोंड पुष्कळ मोठं आहे, पण त्यात बहुतेक जुना बर्फच आहे, राखेने मळलेला. एका कडेला तो वितळून पाणी साठतं, तेच सरोवर. पाणी मध्ये निळं आणि कडेला हिरवट आहे. ढग आला की पाटीच्या रंगाचं होतं. हात घातला तर बोटं दुखतात. वास नाही. मासा, शेवाळ, किडा काही दिसलं नाही. आत येणारा ओढा नाही, बाहेर जाणाराही मला दिसला नाही. आजूबाजूचे दगड भाजलेल्या विटेसारखे लाल आहेत आणि उचलले तर हलके लागतात.

मी फार दमलो होतो. ते सुंदर वाटलं की नाही, हे मला आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. वारा पडला होता, बरोबरचा मित्र झोपला होता आणि बराच वेळ मला कुणी काही काम सांगितलं नाही. असं पुष्कळ महिन्यांनी झालं. तुम्ही त्या दिवशी दुकानात आला नसतात, तर मी तिथे बसलो नसतो.

पाण्याची खोली मोजता आली नाही. मुलांनी विचारलं, तर माहीत नाही म्हणून सांगावं.

तुमचा विद्यार्थी