विभाग सोडला तेव्हा

मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली होती. नेमणूक हंगामी, त्यामुळे दर उन्हाळ्यात नव्या ऑर्डरची वाट बघायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीने मला वैद्यकीय सल्लागार म्हणून बोलावलं.

वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "डॉक्टर होऊन कंपनीत? मग पेशंट कोण बघणार?"

"दादा, पेशंट मी आत्ता तरी कुठे बघते?"



विभागप्रमुख मॅडमना सांगणं जास्त जड गेलं. त्यांच्यानंतर विभाग मी सांभाळावा, असं त्यांनी मनात धरलं होतं. त्यांनी हातातले पेपर खाली ठेवले आणि "टर्म पूर्ण करून जा," एवढंच म्हणाल्या. पुढचा महिनाभर आम्ही डबा एकत्रच खाल्ला, पण तो विषय दोघींनीही काढला नाही.

कंपनीत स्वतंत्र केबिन मिळाली. वर्गात घसा बसेपर्यंत बोलणारी मी, आता दिवसात चार माणसांशीही बोलत नव्हते. आपलं चुकलं, असं पहिले दोन महिने रोज वाटायचं.

मग औषध प्रतिनिधींचं प्रशिक्षण माझ्याकडे आलं. देवळ्याकडचा एक चाळिशीचा प्रतिनिधी चहाच्या सुट्टीत जवळ आला. "मॅडम, ही गोळी पोटात जाऊन नेमकं करते काय? दहा वर्षं डॉक्टरांपुढे पाठ म्हणतोय, पण मला कोणी सांगितलंच नाय."

मी फळ्यावर जठर काढलं. एकेक करून बाकीचेही येऊन बसले आणि दुपारचा कार्यक्रम तसाच राहिला.

चार वर्षांनी मॅडमचा फोन आला. त्या निवृत्त होत होत्या. "विभागातली तुझी जुनी जागा आता कायम झालीय. अर्ज कर."

दोन दिवस विचार केला. एकेकाळी हीच जागा मला हवी होती, पण आता जावंसं वाटेना. हे फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांच्या घरी गेले. त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"चांगलं शिकवायचीस तू," त्या म्हणाल्या.

"अजूनही शिकवते, मॅडम."

"कोणाला?"

मी प्रतिनिधींबद्दल सांगू लागले. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग मला थांबवून त्यांनी कागद पुढे ओढला आणि आधी काय सांगायचं, नंतर काय, ते मला समजावायला लागल्या.