पुढं झालं, मागं ऱ्हायलं

“मागं कोन हाये का बघा!”

मामूंचं दिवसातलं पहिलं वाक्य हेच, आणि शेवटचंही बहुधा हेच. तुम्ही म्हणाल, माणूस भित्रा असेल. तसं काही नव्हतं. मामू रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचे आणि आमच्याकडे ते काम उलटं चालून करावं लागायचं. रंगाची पावडर बॉयलरमध्ये वितळवायची, उकळती झाली की लोखंडी पेटीत ओतायची आणि दांडा धरून पेटी रस्त्यावरून ओढत न्यायची. ओढणाऱ्याचं तोंड पट्ट्याकडे आणि पाठ उरलेल्या रस्त्याकडे. तो गरम पट्टा डांबराला एकदा चिकटला की देवाच्या बापालाही निघत नाही, म्हणून मामू मान वळवायचे नाहीत. मान वळली की हात वळतो आणि हात वळला की पट्टा वळतो. मागून ट्रक येतोय की म्हैस, ते आम्ही ओरडून सांगायचं.

ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती, की लग्नात जेवून उठतानाही ते “मागं कोन हाये का” विचारायचे. एकदा एसटीतून उतरताना विचारलं, तर कंडक्टर म्हणाला, “मागं मीच हाये, उतरा जल्दी.”

मामू ज्या ठेकेदाराकडे होते, त्याच्याकडेच मी सुपरवायझर. मामू भोकरदनचेच, माझ्या घरापलीकडच्या वस्तीतले. कामावरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, “मामू, काम कुठवर आलं?”

“पुढं झालं, मागं ऱ्हायलं.”

मी ठेकेदाराला फोनवर तसंच कळवलं. तो गाडी घेऊन पुढे गेला, तर तिथे कोरं डांबर. मला फोनवर जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामूंच्या लेखी जे डोळ्यांसमोर ते पुढं, म्हणजे झालेलं सगळं पुढं. जे व्हायचंय ते सगळं पाठीमागं. विचार केला तर यात चूक काहीच नाही, पण असा विचार करत बसलं तर माणूस संध्याकाळी घरी पोचायचा नाही. काही दिवस तर माझी अशी गत झाली होती, की बायकोनं “पुढच्या आठवड्यात माहेरी जाऊ का?” विचारलं तरी मी गोंधळून तिच्याकडे पाहत राहायचो.

मामूंना रस्ता विचारणं हा तर वेगळाच प्रकार. एका टेम्पोवाल्यानं केदारखेड्याजवळ विचारलं, तेव्हा मामू म्हणाले, “डाव्या हाताला मशीद लागंल, तिथून सीधं.” तासाभरानं टेम्पो धुरळा उडवत परत आला.

“चाचा, मशीद कुठं उचलून नेली?”

“म्या तर डाव्याच हाताला पाह्यल्ती,” मामू शांतपणे म्हणाले. खरंच पाहिली होती, उलटं चालताना. टेम्पोवाला कपाळावर हात मारून निघून गेला आणि मामू आमच्याकडे असे पाहत राहिले, जणू चूक मशिदीची आहे.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मामू आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलगी शिलाईकाम करायची. पोळू नये म्हणून आम्हा सगळ्यांना जाड कापडाचे हातमोजे तिनंच शिवून दिले होते. तिच्या लग्नाची बोलणी दोनदा मोडली होती. तिसरं स्थळ हसनाबादचं आलं. मुलाचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. या वेळी फोटो पाहून मुलीनंच होकाराची मान हलवली होती, आणि हे स्थळ हातचं जाऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं.

पाहुणे यायच्या दिवशी मामूंनी मलाही घरी बोलावलं. मुलगी म्हणाली, “अब्बा, मैं लोकेशन भेज देती.”

मामू दुखावलेच. “सडक पे पट्टा मेरा, और रस्ता मोबाईल बताएगा?”

त्यांनी स्वतः फोन लावला आणि मुलाच्या बापाला रस्ता सांगितला. डाव्या हाताला पाण्याची टाकी, तिथून आत. मी शेजारीच पाणी पीत बसलो होतो. टाकी डावीकडे की उजवीकडे, हे त्या क्षणी मला विचारलं असतंत तर मलाही सांगता आलं नसतं. मामूंच्या संगतीत आम्ही सगळेच तसे झालो होतो.

शिरा गार झाला. मग फोन आला. पाहुणे कुठल्यातरी कपाशीच्या रानात जाऊन अडकले होते. मुलाचा बाप एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. “ये कोई तरीका है क्या? हम वापस जा रहे!”

मामू फोन कानाला लावून नुसते उभे. त्यांचा तो चेहरा मी फार जवळून पाहिला. मला तो घाबरलेला वाटला, आणि सुटका झाल्यासारखाही वाटला. काय समजायचं ते समजेना.

तेवढ्यात मुलगी आतून आली. “अब्बा, इधर दो.” तिनं फोन घेतला. “चाचा, गाडी घुमाव. मैं सडक पे खडी रहती.”

नवे कपडे घातलेली ती पोर तरातरा रस्त्यावर गेली आणि ओढणी हलवत उभी राहिली. वस्तीतल्या बायका दारात आल्या. तिच्यामागे जावं की मामूंपाशी थांबावं हे न सुचून मी उंबऱ्यातच घुटमळलो. शेवटी जीप आली. मुलाची आई खाली उतरली, पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फस्सकन हसली. “लडकी तो सडक पे ही देख ली. अब चाय पिलाव!”

तिथंच जमलं.

लग्नानंतर एकदा बॉयलर तापत होता, तेव्हा मी विचारलंच. “मामू, खरं सांगा. त्या दिवशी रस्ता चुकून सांगितला का मुद्दाम?”

ते बॉयलरमध्ये दांडा फिरवत राहिले.

“त्येच तर समजून न्हाई राह्यलं, भाऊ. मुद्दाम असंल तर पोरीची माफी मागाया पाह्यजे. चुकून असंल तर कशाची मागायची? म्हनून थांबलोय.”

ते थांबलेच. पोरगी ईदला यायची, मामू तिच्याजवळ बसायचे, घसा खाकरायचे आणि तिच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. मला वाटायचं आता बोलतील. गेल्या हिवाळ्यात ताप छातीत गेला आणि मामू गेले. आता आम्हाला नवं यंत्र मिळालंय. त्यावर बसून पुढे पाहत चालवता येतं. ते चालवताना मला अजून चुकल्यासारखं वाटतं.

मामूंच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी गेलो होतो. निघताना मुलगी दारापर्यंत आली.

“काका, एक इच्यारू? त्या दिवशी अब्बांनी रस्ता चुकून सांगितल्ता का मुद्दाम?”

तिचं मन दुखावू नये म्हणून मी लगेच सुरू केलं, “अगं बेटा, त्यांना उलटं चालायची सवय, डावं-उजवं...”

तिनं मला मधेच थांबवलं. “चुकून असंल तर नका सांगू, काका. मी आजवर समजून राह्यले, मला जाऊ द्यायचं त्यांच्या जिवावर आल्तं म्हनून.”

मामूंना ज्याची माफी मागायची होती, तेच ही पोर जपून बसली होती.

“मुद्दाम,” मी म्हणालो. “मला स्वतः बोलले ते.”

तिनं ओढणी तोंडाशी धरली. “मला म्हाईत व्हतं,” ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. आजही नाही.