राहून गेलेलं भाषण

त्या रविवारी सकाळी काकांनी आधी माझी कपड्यांची पेटी बैलगाडीत घातली आणि मग मला विचारलं, "काय गा, चालतं ना गावाले?" मौद्याहून ते नागपूरला गांधीबागेत लग्नाचं कापड घ्यायला आले होते. येताना वडिलांचा हुकूमही आणला होता. नाटकवाल्यांनी पोराला कायम केलं असेल तर ठीक, नाहीतर त्याच गाडीत घालून आण. तीन महिने मी त्या मंडळीत उमेदवार होतो आणि मालक "रविवारी सांगतो" म्हणाले होते. म्हणजे गाडी जुंपायच्या आत माझा निकाल लागायचा होता.

"खेळ तरी पाहून घ्या," मी म्हणालो. रविवारी दिवसाचा खेळ असे, दुपारी तीनला.

"पायतो. पण मंग उशीर नोको करू."

माझं काम नकला उतरवायचं. नाटकाची पूर्ण प्रत एकच, ती मालकांच्या कुलपात. नटाला मिळे ती नक्कल. तिच्यात फक्त त्याची भाषणं आणि प्रत्येक भाषणाआधीचे समोरच्याचे शेवटचे चार शब्द. ते शब्द कानावर पडले की त्यानं तोंड उघडायचं. तिसऱ्या अंकातला नवरा-बायकोच्या भांडणाचा प्रवेश नाटककारानं नव्यानं लिहून पाठवला होता. मी तो दोन दिवसांत उतरवला होता, आणि अक्षर असं काढलं होतं की कोणी बोट ठेवू नये.

सकाळच्या तालमीत नवरा मालकच झाले. बायको आमचे स्त्रीपार्टी, चाळिशीचे, तीन लेकरांचे बाप. बायको म्हणाली, "बोला की काहीतरी." नवरा उभा. बायको उभी. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत.

"पुढचं वाक्य तुमचं," स्त्रीपार्टी म्हणाले.

"माझ्याकडे काही नाही. तुमचंच असेल."

नव्हतं. मालकांची नक्कल उतरवताना मी प्रतीची दोन पानं एकदम उलटली होती. नवरा बायकोची माफी मागतो ते मोठं भाषण, ज्याच्यासाठी सगळा प्रवेश, तेच नेमकं राहून गेलं होतं. मालकांनी नक्कल माझ्या अंगावर फेकली. "गाढवा, तीनला खेळ आहे. हे मी कधी पाठ करू?"

त्यानंतर मला एका जागी धड उभं राहवेना. भाषण लिहिलं, त्यावर दौत उलटली, पुन्हा लिहिलं. टिनाच्या छपराखाली जीव उकडून निघत होता. तीनदा दारात जाऊन गाडी बघून आलो. पेटी आपली कापडाच्या गठ्ठ्याला टेकून निवांत. मला त्या पेटीचासुद्धा राग आला.

"येरझारा घालू नकोस रे, मला घेरी येते," लुगडं नेसता नेसता स्त्रीपार्टी म्हणाले. "हे टोक धर. मालक विसरले तर मी सांभाळून घेईन हो, बायकोच आहे मी त्यांची." मी टोक धरलं. हाताला काम मिळाल्यावर जरा बरं वाटलं.

मग मालकांनी बोलावलं. ते तोंड रंगवत होते आणि मी समोर कागद धरून उभा. चार ओळी आल्या, पाचवी काही येईना. "विंगेतून सांग मला," ते म्हणाले. आता ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. मालकही घाबरतात, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसरा अंक आला. बायको म्हणाली, "बोला की काहीतरी." मालक गप्प. मी विंगेतून पहिला शब्द सांगितला. ऐकू गेला नसेल म्हणून मोठ्यानं सांगायला गेलो, तर त्यांनी पाठीमागे धरलेला हात हलवला. नको. ते उभेच राहिले, आणि स्त्रीपार्टीही. आमच्या नागपूरच्या लोकांना शेंगा फोडल्याशिवाय नाटक दिसत नाही, पण तो आवाजही थांबला. मग बायकोनं भांडणात नवऱ्यानं फेकलेली पगडी उचलली, पदरानं पुसली, त्याच्या हातात दिली आणि तिचं पुढचं वाक्य बोलली. बायकांच्या बाजूला कोणीतरी नाक ओढलं.

पडदा पडल्यावर मालकांनी माझ्या हातातला कागद घेऊन फाडला. "हे भाषण प्रतीतूनही काढून टाक. आणि उद्यापासून पानं एकेक उलटत जा."

"उद्यापासून ना?" मी दोनदा विचारलं.

"बहिरा आहेस का?"

मी धावत बाहेर गेलो. काका बैल जुंपून राहिले होते. खेळ पाहून त्यांचे डोळे लाल झाले होते.

"मले ठेवलं," मी म्हणालो. "पण बाबाले काय सांगाल?" माझे वडील एक ऐकून दहा ऐकवणारे, आणि काका जन्मभर त्यांच्यापुढे "चुकलं माहं" म्हणत आलेले.

काकांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला.

"काहीच नाही सांगत. तो इचारीन, पोट्टा कुठी हाय. मी त्या तुह्या मालकावानी उभा राहीन. आजलोक मीच पयले बोललो गा. यावक्ती त्याले बोलू दे."

एवढं म्हणून त्यांनी माझी पेटी गाडीतून खाली ठेवली.