काटेवाल्यांचा फिल्टर

माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे आणि माझा स्वभाव तिखट आहे, हे दोन्ही आधीच सांगून टाकते. अर्धा तास डोकं खाऊन, सगळी माहिती काढून घेऊन, शेवटी वस्तू दुसरीकडून मागवणारी गिऱ्हाइकं दारात दिसली तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात. काटेवाले पहिल्यांदा आले तेव्हा मला तेही त्यातलेच वाटले होते.

ते वजनकाटे दुरुस्त करायचे. किराणा दुकानांतले, दवाखान्यांतले, औषधं मोजायचे नाजूक काटे त्यांच्याकडे यायचे. पंचावन्नच्या आसपासचा, लग्न न केलेला, खिशात कायम चिमटा बाळगणारा माणूस. घरात दुसरी फक्त मोठी बहीण. आईवडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या आणि हे सात वर्षांचे. ताईंनी शिवणकाम करून यांना वाढवलं. ताईंच्या लग्नाचा विषय कुणी काढलाच तर त्या मशीन इतकी जोरात चालवायच्या की बोलणाऱ्याचं बोलणंच ऐकू येऊ नये.

घरी खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी होती. त्यात जिवंत प्रवाळ आणि पाच मासे. हौस यांची, ताई नुसती चेष्टा करायच्या. "लोक कुत्री पाळतात, आमच्या भावाने मीठपाणी पाळलंय." मग ताईंचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग पेटता गॅस, मग घरी यायचा रस्ता. स्वयंपाक सुटला, मशीनची सुई काढून ठेवावी लागली, बाहेरच्या दाराला वरची कडी आली. हातात एकच काम उरलं, माशांना खाणं घालण्याचं. ते त्या जीव ओतून करायच्या. फक्त घातल्याचं विसरायच्या. "बिचारे सकाळपासून उपाशी आहेत," म्हणत दिवसातून दहा-बारा वेळा डबा उघडायच्या.

न खाल्लेलं अन्न पाण्यात कुजतं, त्यातून फॉस्फेट वाढतं, मग शेवाळ माजतं आणि त्याखाली प्रवाळ गुदमरतात. काटेवाले दर शनिवारी बाटलीतून टाकीचं पाणी आणायचे. मी त्यात तपासणीची पूड टाकून हलवायची. जितकं फॉस्फेट जास्त तितका निळा रंग गडद. यांचं पाणी शाईसारखं व्हायचं.

"डबा कुलपात ठेवा," मी म्हटलं. "फुकटात काम होईल."

"ठेवला होता, बाई. तिने पावाचा चुरा घातला. मग मी डब्यात मोजून चिमूटभरच ठेवायला लागलो. तर रिकामा डबा मांडीवर घेऊन दुपारभर रडत बसली. म्हणाली, घरातलं खायचं संपलं आणि तू मला सांगितलंसुद्धा नाहीस." ते फळीकडे वळले. "तेवढं काम मी तिच्या हातातून काढून घेणार नाही. तुम्ही यंत्राचं काय ते सांगा."

मग आमची निवड सुरू झाली. अशी निवड मी जन्मात केली नव्हती. बाकीची गिऱ्हाइकं टाकी किती लिटरची ते सांगतात, हे ताई काय करतील ते सांगायचे. फॉस्फेट खाली बसवणारं औषध दाखवलं, थेंब-थेंब घालायचं. "बाटली तिच्या हाताला लागली आणि चहात गेली तर?" बाटली परत फळीवर. शेजारी छोटी टाकी ठेवून तिच्यात फॉस्फेट खाणारं हिरवं शेवाळ वाढवा म्हटलं. "भाजी समजून निवडायला बसेल." यावर आम्ही दोघंही खो-खो हसलो. पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणारं मोठं यंत्र घ्यावं तर ते खळखळतं, कुठला तरी नळ उघडा राहिला म्हणून ताई घरभर फिरत बसणार. फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या दाण्यांची पिशवी पाण्यात सोडावी तर ती बाहेर काढून, पिळून, दोरीवर वाळत घालणार.

शेवटी उरली एक उभी नळी. आत तेच गंजाच्या रंगाचे दाणे, छोट्या पंपाने पाणी त्यांच्यातून वर चढतं, दाणे हलके घुसळत राहतात आणि फॉस्फेट धरून ठेवतात. झाकण आट्यांचं, आवाज जवळजवळ नाही, टाकीखालच्या कपाटात मावते. त्यांनी पंप कानाला लावून पाहिला आणि सगळ्यात मोठी नळी मागितली.

"अहो, तुमची टाकी दोनशे लिटरची. ही सहाशेची आहे."

"ताई सहाशेची आहे, बाई."

दाणे ते दर दोन आठवड्यांनी बदलायचे. निळा रंग उतरायला लागला, पण फार सावकाश. एका शनिवारी फिकट, पुढच्या शनिवारी परत गडद, कारण पाहुणे आले म्हणून ताईंनी माशांनाही दोनदा जास्त वाढलेलं. सव्वा वर्ष हे असं चाललं. मीही इरेला पेटले होते. शनिवार आला की मी चहा दोघांचा सांगायची.

मग सलग तीन शनिवार ते आले नाहीत.

चौथ्या शनिवारी आले आणि बाटली ठेवली. मी पूड टाकली, हलवलं, पाच मिनिटं थांबले. पाणी पाण्यासारखंच. दुसऱ्या कुपीत पुन्हा करून पाहिलं. निळ्याचा मागमूस नाही. मी जागेवरून उठले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी ओरडले, "काटेवाले, शून्य! जिंकलो आपण! आता तोंड गोड करा माझं."

ते कुपीकडे बघत राहिले.

"ताईने तीन आठवडे डबा उघडलेला नाही," ते म्हणाले. "मी हातात देतो. ती उलटसुलट करून बघते आणि परत देते. टाकीसमोर बसवलं तर भिंतीकडे तोंड करते. मासे आहेत हेच तिच्या लेखी राहिलेलं नाही."

माझी जीभ त्या क्षणी झडली असती तर बरं झालं असतं. मी कुपी ठेवली आणि परत जागेवर बसले.

"प्रवाळ पांढरे पडायला लागलेत, बाई."

पडणारच होते. फॉस्फेट अगदीच संपलं तर प्रवाळांची उपासमार होते, त्यांना थोडं तरी लागतंच. बारा वेळच्या खाण्यासाठी घेतलेली नळी आता एका वेळच्या खाण्यावर चालत होती. "नळी बंद करा," मी म्हटलं.

"कालच केली."

"मग खाणं वाढवा."

"सव्वा वर्ष तुम्ही हा आकडा खाली आणायला मला काय काय दाखवलंत. आता वर आणायला काहीतरी द्या."

मी फळ्यांकडे पाहिलं. औषधं, दाणे, नळ्या, यंत्रं. माझ्या दुकानात सगळं काढून टाकणारंच भरलेलं होतं. खाण्याचा सगळ्यात मोठा डबा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "मोजू नका. त्या घालायच्या तसं घाला."

त्यांनी डबा तिथेच उघडला, चिमटीत खाणं घेतलं, आणि बराच वेळ ते तसंच धरून ठेवलं.

"नाही जमत, बाई," ते म्हणाले. "तीन दिवस प्रयत्न करतोय. तिला प्रत्येक वेळी खरंच वाटायचं की ते उपाशी आहेत. मला माहीत असतं की मी घातलंय."

एवढं बोलून त्यांनी डोकं काउंटरवर टेकलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. रडू मलाही आवरेना. मी उठून दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली आणि स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसले.