उरलेल्या गोळ्या

आमच्या घरात काही फेकून द्यायची पद्धत नव्हती. प्रताप नगरात एका गल्लीच्या तोंडाशी बाबांची इस्त्रीची गाडी उभी असायची आणि मागच्या वस्तीत आमची खोली होती. अर्ध्या खोलीत लोकांच्या कपड्यांची गाठोडी, बाकीच्या अर्ध्यात आई, बाबा, दादा आणि मी. पत्रा गळायला लागला की गाठोडी दिवाणावर चढायची आणि आम्ही खाली ओल्यात झोपायचो. लोकांच्या शर्टावर डाग पडून चालत नव्हतं. आमच्या अंगावर त्याच लोकांनी दिलेले कपडे असायचे, बहुतेक मापाला मोठे. दादा दहावीत होता. शाळेच्या आधी आणि नंतर तो सायकलवर कपडे पोचवायचा आणि परत आला की माझ्या हातात पुस्तक आहे का ते पाहायचा.

इस्त्रीवाल्यांच्या घरी बटणांचा एक डबा असतोच. कोळशाच्या इस्त्रीखाली बटण फुटतं, धोब्याकडून आलेल्या शर्टाचं आधीच तुटलेलं असतं. आई सापडेल ते बटण जपून ठेवायची आणि गिऱ्हाइकाचा शर्ट बिनबटणाचा दिसला की रंग, आकार, भोकं जुळवून लावून द्यायची. आमच्याकडून शर्ट कधी उघडा परत गेला नाही, हा तिचा अभिमान होता.

त्या डब्याला लागूनच पावडरचा एक रिकामा डबा होता, त्यात गोळ्या असायच्या. कुणाच्याही आजारपणातून उरलेल्या, कात्रीने एकेक कापलेल्या. आई त्याही बटणांसारख्याच जुळवायची. पिवळी तापाची, गुलाबी पोटाची, लांबट पांढरी जखम चिघळली तर. वस्तीतल्या बाया विरजण मागायला यावं तशा गोळी मागायला यायच्या. "वहिनी, पोराचा घसा बसला, एखादी असन तर पाहा न." आई पाहायची आणि द्यायची. तिच्या मते औषध म्हणजे आजारावर लावायचं ठिगळ. आजार बुजला की ठिगळ संपलं. वरून आणखी लावायचं कशाला?

दादाला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यातून गोळ्यांच्या भरलेल्या पट्ट्या मिळाल्या. ताप उतरला. दादा उठून बसला, वरणभात मागायला लागला. आईने उरलेल्या गोळ्या कापून डब्यात टाकल्या.

बाबा म्हणाले, "डॉक्टरनं पुऱ्या खा म्हणून सांगतलं होतं न?"

"डॉक्टरले काय जाते सांगाले? ताप उतरला न आता. पोटात कायले इख भरतं पोराच्या?"

"तू त डॉक्टरीणच झाली."

"मंग या वस्तीत दुसरं कोण आहे?" आई म्हणाली आणि दादा हसला. ते हसणं माझ्याजवळ आहे. जरा घोगरं होतं.

थोड्याच दिवसांत शेजारच्या काकूंच्या लहान मुलाचा कान वाहायला लागला. आईने दादाच्या उरलेल्या सगळ्या गोळ्या त्यांना दिल्या. मुलाचा कान बरा झाला. काकूंनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

मग दादाला पुन्हा ताप आला. आईने डबा पालथा केला. त्या गोळ्या संपलेल्या होत्या. तिने रंगाला जवळची दिसणारी एक शोधली आणि ती दिली. ताप हटला नाही. पोट दुखायला लागलं, ओवा चोळला, शेकलं. पोट फळीसारखं कडक झालं तेव्हा बाबांनी इस्त्रीच्या गाडीवरची गाठोडी खाली टाकली आणि दादाला त्याच गाडीवर घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. आतडं फुटलं होतं. दादा परत आला नाही.

मी तेव्हा आठवीत होते. त्यानंतर आमच्या घरात दादाचं नाव निघत नसे, पण तो निघून गेला असंही वाटत नसे. दारात सायकल लागल्याचा आवाज आला की आई पदराला हात पुसत उठायची. दुसऱ्या कुणाची तरी सायकल असायची. आई तशीच उभी राहून मग काहीतरी निमित्त काढायची, पाणी तापलं का पाहायची.

शेजारच्या त्या मुलाला आता स्वतःची पोरं आहेत. लग्नाकार्यात भेटतो, वाकून नमस्कार करतो. आई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहते, जरा जास्त वेळ. त्याला वाटतं माझ्या आईचा आपल्यावर जीव आहे. तेही खोटं नाही.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. बी.फार्म. केलं, तेही एका दुकानात अर्धा दिवस काम करून. तिसऱ्या वर्षी वर्गात सर अँटिबायोटिक शिकवत होते. ताप उतरणं म्हणजे जंतू संपणं नव्हे, ते म्हणाले. औषध मधेच थांबवलं तर उरलेले जंतू पुन्हा वाढू शकतात, टायफॉइड उलटू शकतो, आतड्याला भोक पडू शकतं. सगळे लिहून घेत होते. मीही घेतलं. शेवटच्या बाकावर कुणीतरी येऊन बसल्यासारखं मला वाटलं. मी वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर आई भाकरी थापत होती. "आज काय शिकवलं वं?" तिने रोजच्यासारखं विचारलं.

"तेच. गोळ्या."

"ते त मलेबी येते," ती म्हणाली.

मी जेवायला बसले. त्या दिवशी नाही सांगितलं आणि पुढेही नाही. कारण आईचा एक हिशोब ठरलेला होता आणि त्याच्यावर ती उभी होती. तिच्या मते चूक एकच झाली होती: गोळ्या घरातून बाहेर गेल्या. घरात असत्या तर पोरगा वाचला असता. देणारीचा हात सैल होता, एवढंच. मी खरं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की चूक काकूंना देण्यात नव्हती. ती त्याच्या आधी, कात्रीने पट्टी कापताना झाली होती.

आता आम्ही शहराच्या टोकाला, बेसाला राहतो, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. बाबा खाली चौकीदाराजवळ खुर्ची टाकून बसतात. मी प्रताप नगरातच एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, आमच्या जुन्या गल्लीपासून जवळ. काउंटरवर रोज कुणीतरी येतं आणि म्हणतं, दोनच द्या, बरं वाटलं त पाहू. मी त्यांना समजावते, चिठ्ठी मागते, कधी चढ्या आवाजात बोलते. मालक म्हणतात, मॅडम, गिऱ्हाईक पळवता तुम्ही. त्यांना काय सांगू, दोनच गोळ्या मागणाऱ्या प्रत्येकाच्या मागे मला कोण उभं दिसतं ते.

गेल्या उन्हाळ्यात आईला थंडी वाजून ताप आला, कमरेत कळा, लघवीला जळजळ. सदर भागातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. आधी सुया आणि मग पुढे घरी खायला सेफिक्सिम नावाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांनी बजावलं, या वयात हे अर्धवट राहिलं तर रक्तात पसरतं, मग हातात काही राहत नाही.

घरी आल्यावर मी तिला औषध समजावून सांगितलं, काउंटरवर सांगते तसंच. पेनिसिलिनची गोष्ट आधी विचारली, कारण ज्यांना त्याची ॲलर्जी असते त्यांनी हे जपून घ्यायचं असतं. तिला तसं काही नव्हतं. पोट बिघडू शकतं, थोडे जुलाब होतील. फार झाले, रक्त दिसलं, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, तर ताबडतोब मला फोन करायचा. आपल्या मनानं बंद करायचं नाही.

"कशा कशावर चालते हे?" आईने विचारलं.

मी सांगत गेले. लघवीचा संसर्ग, घसा, कान, टायफॉइड.

आई पट्टी उलटी-सुलटी करून पाहत राहिली. माझ्या तोंडून काय निघून गेलं ते मला तेव्हा समजलंच नाही.

सुरुवातीला बरं वाटलं. मग ताप परत यायला लागला, बारीकसा, दुपारचा. मी विचारलं, गोळ्या घेते न?

"घेतो न बापा. पोट ढिलं झालं जरासं. तूच त सांगतलं होतं होईन म्हणून."

मला पटलं. छोटी होत जाणारी पट्टी मी रोज पाहत होते.

एक दिवस दुकानाच्या भागातली लाइट गेली म्हणून मी दुपारीच घरी आले. कूलर चालू होता, त्याच्या आवाजात माझी किल्ली आईला ऐकू गेली नाही. ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, पाठ माझ्याकडे. पट्टी कापल्याचा आवाज आला, कर्र, आणि मग तिचा आवाज. कुणाशी तरी हळू बोलत होती, समोर पोरगं जेवायला बसलं असावं तशी.

"तुयासाठी ठेवून राहिली गा. तेच औषध आहे, मी विचारून घेतलं. आता घरात आहेत. आता कोणी मागाले आलं त मी नाही देत."

मी दारातच थांबले. खरं सांगायचं तर क्षणभर मी तिच्या समोरच्या रिकाम्या फरशीकडे पाहिलं, कुणी आहे का म्हणून.

मग मी तिच्याजवळ जाऊन बसले. रोज सकाळची गोळी घेऊन संध्याकाळची ती बाजूला ठेवत होती; त्या सगळ्या साडीच्या कापडाच्या तुकड्यात बांधलेल्या होत्या. आईने गाठोडं मांडीखाली ओढलं.

"काहून आली वं इतक्या लवकर?"

"आई, कोणासाठी ठेवून राहिली?"

"कोणासाठी नाही. घरात असलेल्या बऱ्या."

"तुले ताप येऊन राहिला. अर्ध्या औषधानं जंतू मरत नाहीत. तू जाशील न अशानं."

"मी जाईन त जाईन. मायं वय झालं." ती गाठोड्यावर हात ठेवून म्हणाली. "त्या वेळेस घरात चार गोळ्या असत्या..."

तिथे ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. दुकानात बसायला लागल्यापासून लोकांच्या चेहऱ्यावर येणारा प्रश्न मला आधीच दिसतो. तोंडातून निघायच्या आत तो मला दिसला आणि मला पळून जावंसं वाटलं.

"अर्ध्या औषधानं जंतू मरत नाहीत म्हणते तू," ती म्हणाली. "मंग त्यालेबी म्या अर्धंच देल्लं होतं न?"

तिने माझं मनगट धरलं.

"तू शिकलेली आहे. खरं सांग. पुऱ्या खाल्ल्या असत्या त राह्यला असता का तो?"

जे उत्तर मी वर्गातल्या त्या दिवसापासून गिळून बसले होते ते जिभेवर आलं. हो म्हटलं तर आई पुढे कशी जगेल ते मला माहीत नव्हतं. नाही म्हटलं तर गाठोडं तसंच राहणार होतं. मी शिकले होते ते सगळं आठवलं, नुसतं तिसऱ्या वर्षाचं पान नाही.

"वाचण्याची आशा वाढली असती," मी म्हटलं. "पण पूर्ण औषध घेऊनही टायफॉइड काही जणांना उलटतो. तो त्यांच्यातला होता का, ते आता कोणी सांगू शकत नाही. मीबी नाही, डॉक्टरबी नाही."

"म्हणजे माया हातून झालंबी असन."

"असेल. नसेलही."

आई रडली नाही. तिने पाय पसरले, भिंतीला टेकली आणि बराच वेळ समोरच्या फरशीकडे पाहिलं. मी तिकडे पाहणं टाळलं.

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"कॉलेजपासून."

"आणि एकटीच घेऊन बसली होती." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "जेवली का तू?"

मग तिने गाठोडं स्वतःच माझ्यापुढे सरकवलं. मी हात लावायच्या आत ती म्हणाली, "थांब," आणि एक गोळी काढून तळहातावर धरली. बटण जुळवायची तशी उजेडाकडे करून पाहिली आणि परत ठेवली. "ने आता."

त्याच संध्याकाळी मी तिला सदरला घेऊन गेले. राहिलेल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करणं बरोबर नव्हतं. डॉक्टरांनी मला चांगलं सुनावलं. "घरात फार्मासिस्ट असून ही गत?" मी ऐकून घेतलं. लघवी जंतूंच्या तपासणीसाठी पुन्हा कल्चरला गेली, परत थोड्या सुया झाल्या आणि मग पहिल्यापासून नवा कोर्स.

या वेळी आई माझ्या समोर गोळी घ्यायची. बाबा वर येऊन पाण्याचा गिलास धरून उभे राहायचे. "घे वं डॉक्टरीणबाई," ते एकदा म्हणाले आणि लगेच गप्प झाले. दादा गेल्यापासून त्यांनी हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला होता. आईने त्यांच्याकडे पाहिलं. "आणा इकडे," ती म्हणाली आणि गोळी घेतली.

दादा घरातून गेला असं मी म्हणणार नाही. आई अजूनही दुपारी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलते. मी घरी असले तर बाहेरच्या खोलीत थांबते. काय बोलते ते ऐकायचा प्रयत्न करत नाही.

कोर्स संपल्यानंतर केलेली तपासणी स्वच्छ आली. ताप नाही, कळा नाहीत. आमच्या घरात सुरू झालेलं एक औषध पहिल्यांदाच शेवटच्या गोळीपर्यंत घेतलं गेलं आणि आई बरी झाली.